रबराला पाजलेलं तेल

सिंधूबाईंनी ते रबर संतराम सरांच्या ओसरीवर आणून टाकलं, मारलेला साप काठीवरून फेकावा तसं.

“हे घ्या तुमचं रबर,” त्या म्हणाल्या. “दोन दिस टिकलं. मोजून दोन दिस. दुकानदाराचं काळं रबर निदान पंधरा दिस तरी कळ काढायचं.”

सरांनी चष्मा कपाळावरून खाली ओढला. परवा हे कडं नवं होतं तेव्हा बोटभर जाडीचं, ताठ आणि नीट गोल होतं. आता ते जागोजाग सुजलं होतं, एका ठिकाणी वळून बाहेर आलं होतं, आणि नखाने दाबलं की नख आत रुतत होतं.

“असं व्हायला नको होतं,” सर म्हणाले.

“व्हायला नको ते झालंय. आता पुढचं बोला.”

पुढचं काय बोलावं हे सरांना सुचेना. त्यांना बहुतेक वेळा सुचत नसे. समोरचा माणूस निघून गेला, जेवणं झाली, की मग एकेक उत्तर सुचायचं, आणि तेही इतकं चांगलं की वाया गेल्याचं दुःख व्हावं.

गावातल्या अकरा बायकांच्या बचत गटाने गेल्या वर्षी हळद शिजवायचा कुकर घेतला होता. कुकर म्हणजे ट्रॉलीवर बसवलेला बॉयलर आणि त्याला नळ्यांनी जोडलेले चार लोखंडी ड्रम. ड्रममध्ये ओली हळद भरायची, झाकण आवळायचं, बॉयलरची वाफ आत सोडायची. झाकण आणि ड्रम यांच्या मधे खोबणीत रबराचं कडं बसतं. ते नीट बसलं तर हळद अर्ध्या तासात आतपर्यंत शिजते. ते गळू लागलं तर वाफ शिट्ट्या मारत बाहेर जाते, सरपण जळत राहतं, आणि हळकुंड वरून शिजून आत कच्चंच राहतं. वाळल्यावर मोडलं की मधे फिकट ठिपका दिसतो, मग बाजारात त्याला कोणी हात लावत नाही.

सिंधूबाई गटाच्या अध्यक्ष. सरांची सून दीपमाला सचिव. कुकर चालवायला सिंधूबाईंचा पुतण्या बजरंग. फेब्रुवारीपासून कुरुंद्यात हळद निघायला लागली की हा कुकर या शेतातून त्या शेतात फिरत राहायचा. आज तो गावाबाहेर तातेरावांच्या वावरात उभा होता. चार एकरांची हळद काढून ढीग घालून ठेवलेली, आणि तीन ड्रम चालू, चौथा बंद. तातेरावांनी सकाळीच फोनवर सांगितलं होतं, आज दुपारपर्यंत चारी ड्रम चालू दिसले नाहीत तर ते दुसऱ्या गावचा कुकर बोलावतील. आणि एकाने दुसरा बोलावला की सगळे बोलावतात.

“तुमी दोन रबरं मागवली व्हती ना?” सिंधूबाईंनी विचारलं. “एक हे गेलं. दुसरं दीपमालानं वावरात नेलंय. ते बसवतो. पण त्याचं बी असंच झालं, तर सर, राग मानू नका, पुन्हा तुमच्या पुस्तकाच्या नादी लागायचं न्हाई असं बायांनी ठरवलंय.”

“राग कसला,” सर म्हणाले. राग त्यांना आलाच होता, फक्त कोणाचा ते ठरत नव्हतं.

सिंधूबाई गेल्या. रबर ओसरीवर पडून राहिलं.

सरांनी ज्युनिअर कॉलेजात एकतीस वर्षं रसायनशास्त्र शिकवलं होतं. फळ्याकडे तोंड करून, हळू आवाजात. एकतीस वर्षांत मुलांनी त्यांना एकच प्रश्न विचारला होता, “सर, हे परीक्षेला येतं का?” निवृत्त होऊन तेरा वर्षं झाली, तेव्हापासून तर तोही नाही. आणि तीन आठवड्यांपूर्वी जेवताना दीपमाला म्हणाली होती, “मामा, ते झाकणाचं रबर काहून फुटतं हो दर पंधरा दिसाला?”

सरांच्या हातातला घास हातातच राहिला. आयुष्यात पहिल्यांदा कोणीतरी त्यांना असं काही विचारत होतं, ज्याचं उत्तर त्याला खरोखर हवं होतं.

मग त्यांनी ताळतंत्र सोडलं. दोन दिवस जुन्या वह्या काढल्या, ट्रंकेतली पुस्तकं उन्हात टाकली, फुटलेल्या काळ्या रबराचा तुकडा नखाने खरवडून पाहिला. तो नायट्राईल जातीच्या रबराचा असणार, असं त्यांनी ठरवलं, आणि ठरवल्यावर पुन्हा तीनदा बदलून शेवटी तेच ठेवलं. नायट्राईल तेल सोसतं, पण वाफेत राहून राहून कडक होतं आणि तडकतं. वाफेसाठी दुसरं रबर असतं, ईपीडीएम. तीन वेगवेगळ्या लहान रेणूंची एकच लांब साखळी.

हे दीपमालाला सांगताना ते रंगात आले होते. “हे बघ, इथिलीनचे रेणू नुसते एकमेकांना जोडले की त्याची कॅरीबॅग होते. प्रोपिलीनचे नुसते जोडले की प्लॅस्टिकची दोरी होते, बादली होते. दोन्ही ताणून पाहा, ताणलं की तसंच लोंबतं, मागे येत नाही. पण दोघांचे मणी सरमिसळ करून एकाच माळेत ओवले की, काय होतं सांग?”

“काय व्हतं?”

“रबर!” सर इतक्या मोठ्याने बोलले की गोठ्यातल्या शेळीने मान वर केली.

“काहून पण? दोन ताठ मानसं एका घरात आली तर घर मऊ व्हतं व्हय?”

सरांनी हाताची बोटं जुळवून दाखवली. मग म्हणाले, “एकाच जातीचे मणी असले की साखळ्या एकमेकींना चिकटून ओळीत बसतात, घट्ट होतात. मधे दुसरा आला की ओळ लागत नाही. सैल राहतात.”

दीपमालाचं माहेर पुसेगावकडचं, मेंढरंवाल्यांचं. तिने भाकरी थापता थापता सांगितलं, “म्हंजे आमच्या आबाच्या कळपावानी. नुसती मेंढरं असली की दुपारी मुंड्यात मुंडं घालून एक गोळा करून बसतात. हलवायचं म्हटलं तर जीव जातो. म्हणून आबा मधे मधे शेळ्या सोडायचा. मग कळप मोकळा राहतो.”

सर थक्क झाले. एकतीस वर्षांत त्यांना हे सुचलं नव्हतं. अर्थात ते उदाहरण पुरतं बसत नव्हतं, कारण शेळ्या एकट्या असल्या तर गोळा होत नाहीत, आणि प्रोपिलीन एकटं असलं तरी ओळीत बसतं. हे सांगावं की न सांगावं यात त्यांचा अर्धा तास गेला, तोवर भाकऱ्या झाल्या होत्या.

“आणि तिसरा?” दीपमालाने विचारलं होतं. “तीन म्हणालात ना.”

“तिसरा चिमूटभर. त्याला एक जास्तीचा आकडा असतो. त्या आकड्यात गंधक अडकवून साखळ्या एकमेकींना बांधता येतात. नाही तर सगळं उन्हात वितळून वाहील.”

“म्हंजे मेंढपाळ,” दीपमाला म्हणाली.

मग सरांनी तीन दिवस धीर गोळा करून संभाजीनगरच्या दुकानात फोन केला. दुकानदाराने विचारलं, कशाला हवं, तर सर म्हणाले, वाफेला. त्याने विचारलं, आणखी काही लागतं का त्याला, तर सर म्हणाले, नाही नाही, नुसती वाफ. कडी दोन मागवली, कारण एक चुकीचं निघालं तर, ही भीती. कुरिअर वसमतला येऊन दोन दिवस पडून राहिलं, ते आणायला स्वतः गेले.

आणि आता हे असं.

त्यांनी सुजलेलं कडं उचललं आणि ओसरीच्या पायरीवर बसले. ‘आणखी काही लागतं का त्याला?’ दुकानदार विचारत होता. हळद! हळदीत तेल असतं की! शंभर किलो वाळल्या हळदीत दोन-चार किलो उडून जाणारं तेल, ते वाफेबरोबर वर येणार, झाकणाला लागणार, आणि ईपीडीएमला तेल म्हणजे वैरी. हे पुस्तकातच होतं. त्यांनीच पेन्सिलने त्याच्याखाली रेघ मारली होती. शिक्षकाला रेघ मारता येते, वाचता येत नाही.

मग सवयीने त्यांनी कडं चाचपून पाहिलं, आणि त्यांची बोटं थांबली.

सूज वरच्या अंगाला होती. झाकणाकडच्या. खोबणीत बसणारी खालची बाजू ताठ होती. आणि जी कड ड्रमच्या आत, हळदीकडे तोंड करून असते, ती तर जवळजवळ जशीच्या तशी. हळदीच्या तेलाने केलं असतं तर आतली कड आधी फुगली असती.

सरांनी इकडेतिकडे पाहिलं. रस्त्यात कोणी नव्हतं. त्यांनी रबर नाकाला लावलं.

हळदीचा वास होताच. पण त्याच्या वर दुसरा वास होता. ट्रॅक्टर दुरुस्तीला लावलेला असतो, त्या अंगणात येतो तसा.

“सर, काय खाऊन राहिलात?” नेमकी त्याच वेळी समोरची गोजरबाई पाण्याची घागर घेऊन चालली होती.

“काही नाही, काही नाही,” म्हणत सर उठले, पायात चपला घातल्या, डावी उजवीत आणि उजवी डावीत, आणि तशाच चपलांनी वावराकडे निघाले. निघताना कपाटाच्या खणातला फुटक्या काळ्या रबराचा तुकडा खिशात घातला, सुजलेलं कडं खांद्यावर टाकलं. बारा वाजायला आले होते. दुसरं कडं बसवून झालं नसेल तर बरं, एवढंच त्यांच्या डोक्यात होतं.

वावर लांबूनच पिवळं दिसत होतं. शिजलेल्या हळदीचे ढीग पसरलेले, वर वाफ. तीन ड्रम फुसफुसत होते. चौथ्यापाशी सिंधूबाई, दीपमाला आणि आणखी तीन-चार बाया उभ्या होत्या. बांधावर तातेराव फोन हातात धरून बसले होते. आणि बजरंग, चाळिशीचा, पोट सुटलेला, खोबणीत नवं कडं बसवून त्यावरून मायेने फडकं फिरवत होता. शेजारी दारूच्या जुन्या बाटलीत काळंकुट्ट काहीतरी होतं.

“बजरंग,” सर म्हणाले.

कोणाला ऐकू गेलं नाही. बजरंगने फडकं बाटलीत बुडवलं.

“बजरंग, जरा...”

फडकं कड्यावर टेकलं.

“थांब!” सर ओरडले. “गाढवा, हात काढ!”

बॉयलर सोडून सगळं थांबलं. एकतीस वर्षांत वर्गात कोणी हा आवाज ऐकला नव्हता, आणि बजरंग तर त्याच वर्गातला. तो फडकं घेऊन तसाच उभा राहिला.

“काय लावतोस ते?”

“ऑईल हाय, सर. टॅक्टरचं. काढलेलं. रबराला पाजून राहिलो.”

“का पाजतोस?”

“म्हंजे काय?” बजरंगने मदतीला सगळ्यांकडे पाहिलं. “नव्या वस्तूला तेल पाजल्याशिवाय ती टिकती व्हय? पाणी लागलं की तडकती. माझा बाप मोटंला पाजायचा, वादीला पाजायचा, वहाणंला पाजायचा.”

“ते चामडं होतं!”

“आन् हे?”

“हे रबर आहे!”

“मग चामड्यापरीस नाजूकच की.”

बाया हसल्या. सरांचे कान लाल झाले. पण त्यांना आठवलं ते वेगळंच. त्यांचे वडील मेंढरांमागे फिरायचे. त्यांच्या जाड वहाणा दर अवसेला करडीचं तेल पीत असत, आणि तेलाची वाटी आणून देण्याचं काम लहानग्या संतरामाचं होतं. जे त्यांनी स्वतःच्या हाताने केलं होतं, ते या गावात कोणी करत असेल का, हा प्रश्न त्यांनी विचारलाच नव्हता. दुकानदाराने विचारला, त्यालाही ‘नुसती वाफ’ म्हणून सांगितलं.

“रोज पाजतोस?” त्यांनी हळू आवाजात विचारलं.

“दर भट्टीला. गरम असतानाच. गरमागरम जास्त पितं.”

“अरे देवा,” सर म्हणाले. “पितंच रे ते. पिऊनच सुजलं.”

“आन् काळं रबर बी पीत व्हतं की,” सिंधूबाई मधे पडल्या. “त्याला काहून न्हाई काय झालं?”

हा प्रश्न बरोबर होता. सरांनी खिशातला तुकडा काढला, खांद्यावरचं कडं ट्रॉलीच्या फळीवर ठेवलं, आणि दोन्ही शेजारी शेजारी लावली. फळा नसल्यामुळे तोंड लोकांकडेच करावं लागलं.

“हे काळं. दाबून बघा. पापडासारखं कडक झालंय, पण सुजलंय का? नाही. याच्या साखळीत एक रेणू असा घातलाय की तेल याला शिवत नाही. पण वाफ याला खाते. आणि हे माझं. वाफ याचं वाकडं करू शकत नाही. पण तेल समोर आलं की याला धीर निघत नाही. सगळं पिऊन टाकतं. ज्याला जे सोसावं लागणार आहे ते बघून साखळीत कोण ओवायचा ते ठरवतात. रबर म्हणजे एक वस्तू नाही, बजरंग.”

“हे तुमी बारावीला सांगितलं असतं असं नीट, तर मी तुमच्या विषयात उडालो नसतो,” बजरंग म्हणाला.

“सांगितलं होतं.”

“फळ्याला सांगितलं व्हतं.”

ते खरं होतं.

सिंधूबाईंनी दोन्ही तुकडे दाबून पाहिले, वास घेतला, आणि कमरेवर हात ठेवला. “मग सर, दोन्ही सोसंल असं रबर न्हाई का कुठं? तेल बी सोसंल, वाफ बी?”

“आहे एक. पण आपल्याकडच्या दुकानात मिळायचं नाही, आणि महागही...”

“सगळं सोसणारी म्हटल्यावर,” दीपमाला म्हणाली, “ती सून काय अशी दारात पडली व्हय.”

आता बायांना हसू आवरेना. तातेराव बांधावरून ओरडले, “हसणं झालं असंल तर ड्रम चालू करता का मी फोन लावू?”

“लावतो की,” बजरंग म्हणाला, आणि सरांकडे वळला. “तेल न्हाई पाजत. बराबर. पण सर, एक सांगा. सुकं बसवलं तर गरम झाकणाला रबर चिकटतं. उघडताना टरकन फाटतं. माझ्यापुढं झालंय ते. मग काय करायचं?”

हे पुस्तकात नव्हतं. म्हणजे असेलही, पण त्यांनी त्याच्याखाली रेघ मारली नव्हती. ते पुन्हा फळ्याकडे वळायला निघाले होते, पण वावरात फळा नव्हता. फक्त बाटली, फडकं, आणि आठ-दहा माणसांची तोंडं.

“गुळगुळीत पाहिजे,” ते स्वतःशीच पुटपुटले. “पण तेल नको. पाण्यातलं काही. साबणाचं पाणी चालेल. पण साबण हळदीत उतरला तर...”

“रिठा?” दीपमालाने विचारलं.

“काय?”

“रिठ्याचं पाणी, मामा. आमच्याकडं लोकर धुतात त्यानं. हात कसे सुळसुळीत व्हतात. माझ्या वेणीला आणलेले रिठे हायत घरी.”

सरांनी बोटं एकमेकांवर घासून पाहिली. मग म्हणाले, “चालेल. बहुतेक चालेल. मला वाटतं चालेल.”

“तीनदा म्हणालात,” सिंधूबाई वैतागल्या. “एकदा म्हणा.”

“चालेल,” सर म्हणाले.

दीपमाला गाडीवर घरी जाऊन आली. बॉयलरच्या गरम पाण्यात रिठे चुरगाळून फेस केला. बजरंगने आधी कड्यावरचा तेलाचा पुसट डाग राखेने आणि कोरड्या फडक्याने घासून काढला. मग नव्या चिंधीने रिठ्याचं पाणी फिरवलं, पण त्याचं तोंड उतरलेलंच होतं. शेवटी त्याने बाटलीतलं ऑईल बोटावर घेऊन ट्रॉलीच्या चाकाला लावलं, हात जोडले, आणि मगच झाकण आवळलं.

“ते कशाला?” सरांनी विचारलं.

“कोणाला तरी पाजावं लागतंच, सर.”

वाफ सोडली. सर ड्रमच्या इतक्या जवळ उभे राहिले की सिंधूबाईंनी त्यांना दंडाला धरून मागे ओढलं. पाच मिनिटं झाली. झाकणाच्या कडेला एक पांढरी धार दिसली, पण ती रिठ्याच्या फेसाची होती आणि वाळून गेली. अर्ध्या तासाने बजरंगने झाकण उघडलं. ते सुटून आलं, नुसतं, न ओढता. कडं जागच्या जागी, गोल आणि ताठ. सिंधूबाईंनी एक हळकुंड काढून मोडलं आणि तातेरावांच्या हातात दिलं. आतपर्यंत एकच रंग. तातेरावांनी फोन खिशात घातला.

दुसरी भट्टी झाली. तिसरी झाली. चार वाजता सर अजून तिथेच, लिंबाखाली उलट्या चपला घालून बसले होते, आणि प्रत्येक वेळी उठून कडं दाबून पाहत होते. परवाचं कडं दुसऱ्या दिवशी सुजलं होतं, म्हणजे उद्यापर्यंत काही खरं नाही, असं त्यांनी दीपमालाला चारदा सांगितलं. पाचव्यांदा ती म्हणाली, “मामा, उद्या उद्या बघू. चहा घ्या.”

सिंधूबाई पदराने घाम पुसत त्यांच्यासमोर येऊन बसल्या. मग पलीकडे पसरलेल्या निळ्या ताडपत्रीकडे बोट केलं. तिच्या कडा चिंध्या झाल्या होत्या.

“सर, एक विचारू? ही ताडपत्री. एका उन्हाळ्यात भुगा व्हती. हात लावला की पीठ पडतं. ही कशाची असती? हिला काही दुसरं मिळंल का?”

सरांचे डोळे चमकले. इथिलीन, ऊन, साखळी तुटणं, सगळं एकदम ओठावर आलं. त्यांनी तोंड उघडलं. मग मिटलं. चहाचा कप खाली ठेवला, आणि खिशातून पेन्सिल काढली.

“आधी मला सांगा,” ते म्हणाले, “तुम्ही तिला काय काय लावता?”